मागं कोण राहणार?

पोळा झाला की आमच्या तालुक्यातल्या वस्त्यांवर दोन प्रकारची माणसं फिरायला लागतात. एक ऊसतोडीचा मुकादम, दुसरे आम्ही. मुकादमाच्या वहीत कोयत्यांची नावं असतात, आमच्या वहीत लेकरांची. उचल कुणी किती घेतली, कोण कुठल्या कारखान्याला जाणार, गाडीसेंटरला की डोकीसेंटरला, दसऱ्याला निघणार की दिवाळी करून, हा त्याचा हिशेब. आम्ही विचारतो ते असं : घरात सहा ते चौदा वयाची लेकरं किती, कितवीत आहेत, आणि तुम्ही गेल्यावर मागं कोण राहणार?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं उभ्याउभ्या मिळतात. तिसऱ्यासाठी ओसरीवर बसावं लागतं. ‘म्हातारी हाय की,’ असं कुणी म्हटलं तरी तेवढ्यावर उठता येत नाही. म्हातारीला दिसतं का, चुलीपुढं बसून चार भाकरी थापता येतात का, हापशाचं पाणी ती आणू शकते का, रात्री लेकराला ताप चढला तर ती कुणाची कडी वाजवेल, हे सगळं विचारून घ्यावं लागतं. पुढचे पाच-सहा महिने लेकरू शाळेत टिकणार की आईबापामागं फडावर जाणार, याचा निकाल बहुतेक वेळा या उत्तरांवर लागतो. लेकराच्या हुशारीवर फार क्वचित.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी पंचवीस वर्षांची आहे. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माझं गाव. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. १९७२च्या दुष्काळानंतर आजी-आजोबा पहिल्यांदा ऊसतोडीला गेले, आणि मग ते जाणं घरात कायमचं राहिलं. आईवडील अजून जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग टनामागं मिळणाऱ्या मजुरीतून ती फेडत राहायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. घराला पत्रे टाकले, आजोबांचं दवाखान्याचं झालं, आत्याचं लग्न लागलं, सगळं उचलीतून. जानेवारी २०२४मध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा वडिलांनी बोटं मोजून हिशेब केला आणि म्हणाले, ‘आता बाकी एका सालात फिटंल.’ मजुरीवाढीच्या आनंदात त्यांना आधी आठवली ती बाकी. आमच्याकडं कुणाचाही आनंद आधी तिथंच जातो.

आम्ही तीन भावंडं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि एक धाकटा भाऊ. मी तिसरीत होते, ताई सहावीत, आणि भाऊ जेमतेम वर्षाचा. त्या वर्षी दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा ताई गेली आणि मी राहिले.

या एका निर्णयावर माझं सगळं पुढचं आयुष्य उभं आहे, म्हणून तो कसा झाला ते नीट सांगायला हवं. आई-वडील पहाटे चारला फडात जाणार. झोपडीवजा कोपीत वर्षाच्या बाळाला सांभाळायला कुणीतरी पाहिजे. ताई बारा वर्षांची होती, तिला बाळ उचलता येत होतं, भाकरी करता येत होती, लांबून घागर आणता येत होती. मला यातलं काहीच धड येत नव्हतं. म्हणजे फडावर माझा उपयोग नव्हता आणि गावात आजीला माझा त्रास नव्हता, कारण मी आपापली शाळेत जाऊ शकत होते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या वर्षी हंगामी वसतिगृह होतं. गावातल्याच एक मावशी दोन वेळचं जेवण रांधायच्या, मुलं जेवून रात्री आपापल्या आजी-आजोबांकडं झोपायला जायची. शाळेतल्या बाईंनी यादीत माझं नाव घातलं. बस्स, एवढंच घडलं.

ताई माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रतेनं म्हणत नाही, ते तसंच होतं. तिला तिसापर्यंत पाढे पाठ होते. मला वाचायला तिनं शिकवलं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार दाखवून दाखवून. मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, ती गावात परतली, तेव्हा तिचा वर्ग खूप पुढं गेला होता. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं शाळेचं नावच काढलं नाही. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि तिचा स्वतःचा कोयता झाला.

२०१६ साली मी दहावीला केंद्रात पहिली आले. गावानं सत्कार केला. शाल, नारळ, एक मोठा शब्दकोश. भाषणं झाली. परिस्थितीवर मात, चिखलातलं कमळ, जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही. मांडवात मागच्या बाजूला ताई बसली होती, मांडीवर दोन महिन्यांची लेक. प्रत्येक वाक्याला ती मनापासून टाळ्या वाजवत होती आणि मला वर बसवत नव्हतं. वक्ते जे बोलत होते ते खरं धरलं, तर मागं बसलेल्या माझ्या बहिणीत जिद्द नव्हती असा त्याचा अर्थ होत होता. बारा वर्षांच्या ज्या पोरीनं थंडीत, पाचटाच्या कोपीत, एका बाळाला जगवलं, तिच्यात काय कमी होतं?

त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही. आज मी जे काम करते ते त्या गोष्टीपोटीच करते. जिद्द आमच्या भागात कमी नाही. उचलीचं ओझं डोक्यावर घेऊन पहाटे गारठ्यात उसाच्या ओल्या पाल्यात शिरणाऱ्या बाईला जिद्दीवर व्याख्यान देणं हा तिचा अपमान आहे. कमी आहे ती सोय. मला मिळाली ती सोय : धडधाकट आजी, शाळेत शिजणारं अन्न, यादीत नाव घालणाऱ्या बाई. ती ताईला मिळाली नाही. आम्हा दोघींमध्ये फरक आहे तो एवढाच, आणि तो माणसांनी केलेला आहे, म्हणून माणसांना तो मिटवताही येईल असं मला वाटतं.

पुढं बी.ए. झाले, मग तुळजापूरला राहून समाजकार्याचं शिक्षण घेतलं. माझ्या बरोबरीच्या कितीतरी मैत्रिणी पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. वडिलांची इच्छाही तीच होती. अंगावर वर्दी असती तर मुकादमही ‘साहेब’ म्हणाला असता, असं ते एकदा बोलून गेले. त्यांच्या त्या इच्छेमागं काय काय साठलेलं आहे हे मला ठाऊक आहे. तरी मी एका छोट्या संस्थेत कामाला लागले. पगार बेताचा. दसऱ्यापर्यंत बीडमधल्या गावांत आणि हंगामात कृष्णाकाठी, जिथं आमचेच लोक ऊस तोडायला गेलेले असतात, तिथं राहायचं.

आई तेव्हा जे बोलली ते अजून मला टोचतं. ‘तुला फडातून काढायला आमी जलमभर कोयता चालिवला, अन् तू शिकून सवरून पुन्यांदा फडातच चाल्लीस?’ मी तिला कामाचं स्वरूप समजावून सांगितलं, पण तिला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. मी तिच्या थळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर, गेले की ती इतर बायकांना सांगते, लेक तपासायला आलीय, सरकारी हाय. मी तिला दुरुस्त करत नाही. तिच्या मुलीनं फडात येताना निदान खुर्चीवरची बाई म्हणून यावं, एवढं तिला वाटत असेल तर ते मला समजतं.

कृष्णाकाठचा ऊस पाहिलेल्या माणसाला आमच्या डोंगरावरची कोरडी रानं आठवून गलबलायला होतं. काळीभोर जमीन, पाटात पाणी, दोन पुरुष उंच ऊस. त्या उसाच्या कडेला उघड्या माळावर कोप्या. कामट्यांच्या सांगाड्यावर ताडपत्री, आत वाकूनच जायचं. गाडीसेंटरची टोळी निदान एका थळावर हंगामभर राहते. बाप्या ऊस भरून बैल घेऊन कारखान्याच्या काट्यावर जातो, तिथं नंबर लागेपर्यंत रात्र होते. बाई वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन कोपीवर येते, चूल पेटवते. डोकीसेंटरचं त्याहून कठीण. तोडलेला ऊस बाईनं मोळीनं डोक्यावर वाहायचा, फळीवर चढून ट्रकमध्ये टाकायचा, आणि ट्रक रात्री बाराला आला तर बाराला उठायचं. शिवाय फड संपला की बिऱ्हाड हलतं. ज्या लेकराचं घरच पंधरा दिवसांनी जागा बदलतं, त्याला कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवेपर्यंतच फड संपतो.

कधीकाळी ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. २००९चा शिक्षणहक्क कायदा आल्यावर प्रत्येक मुलानं जवळच्या नियमित शाळेतच जावं, अशी दिशा ठरली. दिशा योग्य आहे. माळावरच्या तात्पुरत्या छपरापेक्षा पक्क्या भिंतींची, सगळ्या मुलांची शाळा केव्हाही चांगली. पण नियमित शाळेपर्यंत लेकरू पोचवायचं तर त्याच्या कडेवर काय आहे ते आधी बघावं लागतं.

त्याच्या कडेवर बाळ असतं. माझ्या कामाच्या पहिल्याच हंगामात एक मुलगी भेटली, नऊ-दहा वर्षांची. तिच्याकडं शिक्षण हमी कार्ड होतं, म्हणजे गावच्या शाळेनं दिलेला दाखलाच : ही अमुक इयत्तेत आहे, हिला तुमच्या शाळेत बसू द्या. शाळा कोपीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. मुख्याध्यापक सज्जन, त्यांनी एका शब्दानं ‘पाठवा’ म्हटलं. पुस्तकं मिळाली, शाळेतला भातही मिळणार होता. तरी ती येईना. आईला भेटले तर आई म्हणाली, ‘तिला धाडते, पर ह्याला कुठं ठिवू?’ हा म्हणजे चौदा महिन्यांचा तिचा भाऊ.

मी अंगणवाडीत गेले. तिथल्या सेविका भल्या होत्या, पण अंगणवाडीत बसतात ती तीन वर्षांपुढची मुलं. त्याहून लहानांना आहार मिळतो, तो घरी न्यायचा असतो. शाळेत सहा वर्षांपुढचं मूल. म्हणजे चौदा महिन्यांचं बाळ कुठल्याच रजिस्टरात दिवसभर बसत नाही. आणि ते बसत नाही म्हणून त्याची बहीण शाळेच्या रजिस्टरात असूनही नसते. मला कोपीच्या दाराशी बसलेली माझी बारा वर्षांची ताई दिसली. इतक्या वर्षांत कायदा आला, कार्ड आलं, पण चौदा महिन्यांच्या बाळाचं काय, याचं उत्तर आलेलं नव्हतं.

त्या थळावर आम्ही जे केलं ते सांगते, कारण ते सोपं आहे आणि करता येण्यासारखं आहे. टोळीत एक म्हातारी होती, मुलगा-सुनेबरोबर आलेली, मोळ्या बांधायला हात लावायची. तिला आम्ही विचारलं, फडात न जाता लेकरं सांभाळशील का? संस्था मानधन देईल. तिची तयारी होती, मुकादमाची नव्हती. त्याच्या मते बांधणीचा एक हात कमी झाला की गाडी उशिरा भरणार. दोन-तीन संध्याकाळी त्याच्याशी बोलण्यात गेल्या. शेवटी तोडणाऱ्या बायकाच त्याला म्हणाल्या, ‘लेकरू नजरेखाली हाय म्हणल्यावर आमचा हात दुप्पट चालंल.’ त्यानं मान्य केलं. जागेचा प्रश्न सुटला तो रानाच्या मालकाच्या आईमुळं. त्या स्वतः येऊन कोप्या बघून गेल्या आणि म्हणाल्या, गोठ्याशेजारची पडवी मोकळीच आहे, सारवून देते. झोळ्या बांधल्या. दूध त्यांच्याच घरून यायचं, बऱ्याचदा बिनपैशाचं.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून थळावरच्या मुली शाळेत जायला लागल्या. त्यांना कुणी प्रेरणा दिली नव्हती. फक्त कडेवरचं बाळ खाली उतरवून घेतलं होतं.

सामाजिक जबाबदारी हा शब्द मी शिक्षणात पुष्कळ वाचला. त्या पडवीत मला तो पहिल्यांदा माणसांच्या रूपात दिसला. मालकाच्या आईचा आणि आमचा काही संबंध नव्हता. त्यांचा ऊस वेळेवर कारखान्यात गेला की त्यांचं काम झालं होतं. पण ज्यांच्या घामानं आपलं पीक घरात येतं त्यांचं लेकरू आपल्या बांधावर उघडं झोपतं, हे त्यांच्या मनानं घेतलं नाही. असं मनाला लावून घेणारी माणसं मला जवळजवळ प्रत्येक गावात भेटली. ती शोधून, त्यांच्याकडं नेमकं काम घेऊन जाणं, हा माझ्या नोकरीतला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. नुसतं ‘मदत करा’ म्हटलं की लोक शंभराची नोट काढतात. ‘सकाळी नऊ ते सहा पडवी पाहिजे’ म्हटलं की विचार करतात.

शाळांच्या बाबतीत मात्र सज्जनपणावर भागत नाही. आमच्या गावच्या शाळेतून मुलाचं नाव काढून तिकडच्या शाळेत घातलं की इथला पट कमी होतो. संचमान्यता पटावर ठरते, शिक्षकाचं पद पटावर टिकतं. म्हणून लेकरू फडावर आणि नाव गावच्या हजेरीत, असं पुष्कळ वेळा होतं. मी त्यासाठी एकाही शिक्षकाला बोल लावणार नाही. चांगल्या शिक्षकाला आपली शाळा वाचवण्यासाठी असं करावं लागत असेल तर पट मोजण्याची रीत बदलली पाहिजे. हंगामी स्थलांतर ही आमच्याकडं दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होणारी गोष्ट आहे. तिला अचानक उद्भवलेल्या अडचणीसारखं वागवणं मला कधीच समजलेलं नाही.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे स्थलांतर अख्ख्या राज्यानं पाहिलं. आई-वडील तेव्हा सांगलीकडं अडकले होते. कारखाने बंद व्हायला आलेले, जिल्ह्यांच्या सीमा बंद, किराणा संपलेला. मी गावात आजीजवळ होते आणि रोज रात्री फोनवर आई एकच विचारायची, गाडी सोडणार का. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं तपासणी करून मजुरांना गावी सोडायचा निर्णय घेतला, तेव्हा सव्वा लाखाहून जास्त माणसं राज्यातल्या कारखान्यांच्या परिसरात होती. एवढी माणसं दरवर्षी जातात आणि येतात, हे त्या वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखे लोक बोलत होते.

ताईबद्दल अजून लिहायचं आहे. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, ती आमच्याकडं आली होती. कंबर धरून चालत होती. रात्री अंधारात, मी तिच्याकडं पाहू शकणार नाही अशा वेळी तिनं सांगितलं की अंगावरून पांढरं जातं, वास येतो, पोटात दुखतं. एका खासगी दवाखान्यात दाखवलं होतं. तिथं तिला सांगितलं गेलं, पिशवी काढून टाक, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. दाजींनी त्यासाठी उचलीतले पैसे बाजूला ठेवले होते. ती सत्तावीस वर्षांची होती.

आमच्याकडं हे नवं नाही. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आकडा वर्तमानपत्रात आला तेव्हा बाहेरच्या लोकांना धक्का बसला. माझ्या आईला बसला नाही, तिनं आपल्या भावकीतल्या बायका मनात मोजल्या. कारणं कुणालाही दिसतील अशी आहेत. फडात संडास नाही, पाळीच्या दिवसांत पाणी नाही, ओल्या कपड्यानिशी दिवसभर काम, लहान वयात लग्न आणि बाळंतपणं. एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो, तो पैशातून कापला जातो. दर महिन्याला खाडे भरण्यापेक्षा पिशवीच नको, असं बाईला वाटावं इतकी ही गणितं तिच्या अंगावर येतात.

मी ताईला दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात नेलं. केसपेपरच्या रांगेत उभं राहून तिचा धीर सुटत होता, दोनदा ‘चल घरी जाऊ’ म्हणाली. आत डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी करून घेतली, नीट तपासलं आणि जंतुसंसर्ग आहे म्हणून सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, दाजींनाही घ्यायला सांगितल्या. दाजी आधी गप्प बसले. मग मला म्हणाले, ‘तुमीच मला समजावून सांगा, तिच्यापाशी मला बोलता येईना.’ मी सांगितलं. त्यांनी गोळ्या पूर्ण घेतल्या. महिन्याभरात ताईचं दुखणं उतरलं. बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी मुकादमाला परत केले आणि तेवढी बाकी कमी झाली. आता जिल्ह्यात खासगी रुग्णालयाला असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. हा बदल बायका बोलल्या म्हणून झाला.

कधी कधी सगळं सुटून जातं. मागच्या हंगामात आठवीतली एक मुलगी, जिच्यासाठी गावात राहायची, जेवायची सगळी व्यवस्था लागली होती, ती डिसेंबरात अचानक दिसेनाशी झाली. मामाच्या गावी लग्न लावून दिलं होतं. कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं आणि बीडमध्ये ४३.७ टक्के. तिचे आईवडील दुष्ट नव्हते. वयात आलेली पोरगी गावात एकटी ठेवायची भीती, फडावर उघड्या कोपीत न्यायची त्याहून मोठी भीती, आणि लग्न झालं की नवा कोयता, नवी उचल. ही तिन्ही कारणं मी समजून घेते, पण तिच्या बापाला क्षमा करावी असं मला त्या दिवशी वाटलं नाही. बरेच दिवस वाटलं नाही. कामावर जात राहिले, कारण त्याच वस्तीवर सातवीतल्या आणखी मुली होत्या आणि त्यांच्या आया मला वाटेत थांबवून विचारत होत्या, आमच्या पोरीचं काय करू.

लोक विचारतात, एवढं पाहून तू खचत नाहीस का. खचते. तेव्हा मी आमच्या टीममधल्या एका दादांकडं जाऊन बसते. ते स्वतः पंधरा वर्षं ऊस तोडून या कामात आले आहेत. ते सल्ला देत नाहीत. वही उघडतात आणि म्हणतात, सांग, कुणाचं काय राहिलं? आम्ही एकेक नाव घेतो. कुणाचा दाखला आणायचा आहे, कुणाचा चष्मा, कुणाच्या आजीचा निराधार योजनेचा अर्ज अडकलाय. नावं संपेपर्यंत उद्या सकाळी कुठं जायचं ते ठरलेलं असतं. माझ्या पिढीला मन घट्ट करायचे उपाय खूप सांगितले जातात. मला आजवर उपयोगी पडलेला उपाय हा एवढाच आहे, की काम वाटून घेणारं माणूस शेजारी असावं.

यंदा यादीत माझी भाची आहे. सत्काराच्या दिवशी ताईच्या मांडीवर होती ती. चौथीत गेली. तिचा मोठा भाऊ सातवीत, त्याला तालुक्याच्या ठिकाणी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सुरू झालेल्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली. सरकारनं २०२१ साली अशी ८२ वसतिगृहं ४१ तालुक्यांसाठी ठरवली, त्यातली जी चालू झाली आहेत तिथं मुलं टिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नऊ वर्षांच्या पोरीला तालुक्याला ठेवायला ताईचं मन घेत नाही. तिच्या सासूला गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला. माझी आजी आता नाही. आणि ताईला या दिवाळीत तिसरं मूल होऊन वर्ष होईल. म्हणजे गणित पुन्हा तसंच मांडलेलं आहे : आई फडात, बाळ कोपीत, आणि हाताशी येणाऱ्या वयाची मुलगी.

या वेळी ताई गप्प बसलेली नाही. गावातलं हंगामी वसतिगृह सुरू व्हायला दरवर्षी उशीर होतो. टोळ्या दसऱ्याला निघतात आणि मंजुरी बऱ्याचदा दिवाळीनंतर येते. मधल्या महिन्यात लेकरं निघून गेलेली असतात, मग पट नाही म्हणून वसतिगृहाची संख्या कमी होते. ऑगस्टात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ताई उभी राहिली. ती सहावीनंतर पहिल्यांदाच त्या वर्गात उभी होती. म्हणाली, ‘गाडी कोणत्या तारखेला येती ते मुकादमाला जून महिन्यात म्हाईत असतंय. सायबाला का नसावं?’ मग बायकांनी ठरवलं आणि सगळ्या मिळून पंचायत समितीत गेल्या. मी बरोबर होते, पण मला बोलावं लागलं नाही. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, प्रस्ताव लवकर पाठवतो म्हणाले, अनुदान कधी येईल ते मात्र त्यांच्या हातात नव्हतं.

म्हणून गावानं मधल्या महिन्याची सोय स्वतः करायची ठरवली. जाणाऱ्या प्रत्येक घरानं मुलामागं दोन पायल्या ज्वारी द्यायची, गावात राहणाऱ्यांनी डाळ आणि तेल. रांधायला त्याच मावशी येणार आहेत, ज्यांच्या हातचं मी जेवले. मुलं रात्री कुठं झोपतील याची जुळवाजुळव अजून चालू आहे. मुलांसाठी दोन घरं मिळाली. मुलींसाठी शाळेशेजारच्या एका आजीचं घर सगळ्यांना पसंत आहे, पण तिला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसतं. ती म्हणाली, आधी माझं मोतीबिंदूचं करून आणा, मग पाच पोरी ठेवते, तुमच्या भाचीला धरून. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं तिला घेऊन मी जिल्हा रुग्णालयात चालले आहे.